मागून येणारा खो

पहाटे ४.३०

गजर वाजायच्या आधीच जाग आली. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे झोप अशी लागलीच नव्हती. उठून आधी दार उघडलं. पाऊस थांबला होता, पण अंगणात पाणी साचलेलं. इथं एवढं, तर धाराशिवच्या मैदानावर काय असेल?

बॅग रात्रीच भरली होती, तरी परत उघडून बघितली. एक ते बारा नंबरचे टी-शर्ट. क्रेप बँडेज, आयोडेक्स, कापूस, पॅडचं पाकीट, ग्लुकोजचे दोन पुडे, दहा-बारा लिंबं, मीठ-साखरेची पुडी, स्टॉपवॉच. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. बारा ओळखपत्रं, प्रत्येकावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, जन्मतारखेचे उतारे, आधारच्या झेरॉक्स. शालेय स्पर्धेत मुलगी वाऱ्यासारखी पळत असली तरी कागद नसेल तर तिला बाहेर बसावं लागतं. म्हणून फाईल मी कुणाच्या हातात देत नाही.

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. गाव कळंब तालुक्यातलं, येरमाळ्याच्या जवळचं. आमचा सतरा वर्षांखालच्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला आणि आज जिल्हा. आठ तालुके, आठ संघ. एका दिवसात तीन सामने जिंकले की लातूर विभागाची स्पर्धा.

मुलींची नावं इथं लिहीत नाही. मैदानावर त्या नंबरनंच ओळखल्या जातात आणि त्यांना ते मनापासून आवडतं. घरी कुणाची तरी लेक, कुणाची तरी थोरली बहीण. इथं तीन नंबर, आठ नंबर.

५.१५

शाळेच्या व्हरांड्यात मोबाईलच्या उजेडात डोकी मोजली. अकरा. परत मोजली. अकराच. तीन नंबर नव्हती.

जूनपासून रोज याच वेळेला या मुली येतात. कुणी धार काढून येते, कुणी पाणी भरून. सराव सात वाजता संपला की घरी जाऊन भाकरी टाकून परत साडेदहाला शाळेत. या चार महिन्यांत तीन नंबरनं एकही दिवस चुकवलेला नाही. म्हणजे आज ती झोपून राहिलेली नसणार. घरात काहीतरी अडलं असणार.

क्रूझरवाल्याला म्हटलं, तुम्ही मुलींना बसवून घ्या, मी आलेच. आठ नंबर म्हणाली, "मॅडम, मी येते संगट." तिला घेतलं आणि माझी स्कूटी वस्तीकडं वळवली. चिखलात ती दोनदा घसरली.

५.४५

तीन नंबर दारातच उभी होती. वेण्या घट्ट बांधून वर घेतलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि डोळे रडून सुजलेले. आई चुलीपाशी.

"मॅडम, रात्री निरोप आलाय. पावसानं सोयाबीनच्या शेंगा काळ्या पडायल्यात, ऊन पडलं की लगेच काढून द्या म्हणतोय मालक. आम्ही चौघींनी गुत्तं घेतलंय. एक हात कमी पडला की सगळ्याजणींचं अडतंय. मी तरी काय करू?"

यावर उत्तर देता येत नाही. मी खूप वर्षं उत्तरं दिली. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सगळं मी दारोदार सांगितलेलं आहे आणि ते खरं आहे. पण ते गुण दोन वर्षांनी येतील, नोकरी आली तर दहा वर्षांनी. गुत्तं आजचं आहे. आजच्या मजुरीपुढं पुढची नोकरी मांडणं हे मला आता बरोबर वाटत नाही. म्हणून मी नुसती उंबऱ्यावर बसले. आईनं चहा दिला, तो घेतला.

बोलली ती आज्जी. आत बाजेवर होती, उठून बाहेर आली.

"तिच्या जागी मी जाते."

"तुम्हाला वाकवंल का आता?" आई म्हणाली.

"न वाकायला काय झालं? सारा जन्म वाकण्यातच गेला की. हाताला फडकं बांधलं की झालं." मग नातीकडं बघून, "जा गं तू. तोंड धू आधी."

आई काही बोलली नाही. फडक्यात चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून तिनं लेकीच्या हातात दिली. होकार द्यायची ही आमच्याकडची रीत आहे.

६.३०

गाडी हमरस्त्याला लागली. बारा मुली, मी, ड्रायव्हरच्या शेजारी आमचे शिपाई मामा. चोराखळी गेलं, येडशीच्या अलीकडं धुकं लागलं. चार नंबरला नेहमीप्रमाणं उलटी झाली, गाडी थांबवली, लिंबू दिलं, परत निघालो.

वाटेत विषय निघतो तो ठरलेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. आपली प्रियांका इंगळे कर्णधार होती, आणि मुलांच्या विजेत्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर. तो सामना या पोरींनी एकाच मोबाईलभोवती डोकी लावून बघितला होता. मॅट, दिवे, पळणाऱ्यांच्या अंगावरचे झगमगीत कपडे. सगळ्यात जास्त त्यांना भावला तो वजीर.

"मॅडम, वजीर कुणीकडं पण वळू शकतो ना?"

"हो. त्याला दिशेचं बंधन नाही."

"आपल्यात का नाही?"

आपल्यात नाही. आपल्या मातीवरच्या खेळात नऊ जणी आणि नऊही जणींना एकच कायदा. एकदा दिशा घेतली की मागं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पलीकडं जायचं असेल तर पलीकडं तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला खो द्यायचा आणि आपण तिच्या जागी बसायचं. नव्या खेळात वेग आहे, पैसा आहे, या मुलींना तिथवर जावंसं वाटतं ते योग्यच आहे. तरी मला माझा जुना नऊ जणींचा खेळ जास्त आवडतो, आणि का ते मी संध्याकाळपर्यंत मुलींना दाखवू शकेन असं वाटत होतं.

सारिका काळेचं नाव मात्र मलाच काढावं लागत नाही, ते गाडीत असतंच. आमच्याच जिल्ह्याची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार, सुवर्णपदक, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार. धाराशिवमध्ये खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या घरी टीव्ही नसेल, पण हे नाव असतं.

८.००

धाराशिवला पोचल्यावर फाईल तपासून झाली. दहा मिनिटं लागली. बारा मुली, बारा कागद, सगळं जुळलं.

८.१५

मैदान बघितलं आणि पोटात कालवलं. उत्तरेकडचा खांब कोरड्यात, दक्षिणेकडच्या खांबाभोवती नुसता राडा. खांबाजवळच तर सगळा खेळ असतो. वळताना पाय गेला की गुडघा गेला. पंचांनी चालून बघितलं, अंगठ्यानं माती दाबून बघितली आणि म्हणाले, दोन तास थांबू. उन्हानं सुकलं तर ठीक, नाहीतर उद्यावर जाईल.

उद्यावर म्हणजे परत गाडीभाडं. परत बारा घरांतून बारा मुली सोडवून आणायच्या. उद्या आज्जी परत वाकणार नाही.

सुरुवात कुणी केली हे मला दिसलं नाही. मी वर बघितलं तेव्हा दुसऱ्या एका तालुक्याच्या दोन मुली पलीकडच्या ढिगाऱ्यातून घमेल्यात कोरडी माती भरत होत्या. मग आमची पाच नंबर उठली. मग सगळ्याच. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात फुटकी बादली, कुणी ओढणीचा झोळ केलेला. साचलेलं पाणी पोत्यानं टिपून बाहेर पिळायचं आणि वर कोरडी माती दाबायची. आठ संघांच्या नव्वदेक मुली, निळ्या-लाल-हिरव्या टी-शर्टातल्या, एकमेकींची नावं विचारत खांबाभोवती नाचून माती बसवत होत्या. दोन तासांनी याच एकमेकींच्या पाठीवर थाप मारायला धावणार होत्या. आम्हा शिक्षकांपैकी कुणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं.

दहा वाजता पंचांनी परत अंगठा दाबला आणि शिट्टी गळ्यात अडकवली.

१०.१५

पहिला सामना. एक डाव राखून जिंकलो. यावर लिहिण्यासारखं काही नाही. समोरच्या संघातल्या मुली नव्या होत्या, त्यांना साखळी अजून जमत नाही. संपल्यावर त्यांच्या कर्णधारानं आमच्या कर्णधाराला विचारलं, "तुम्ही सराव किती वाजता करता?" तिनं खरं सांगितलं. ती मुलगी "बाप रे" म्हणाली आणि मग, "आम्ही पण करू."

१२.३०

उपांत्य सामना. इथं एक गोष्ट घडली, ती आधी सांगते.

आमचं संरक्षण चालू होतं. पहिल्या तुकडीत एक, दोन आणि तीन नंबर. दोघी लवकर बाद झाल्या, तीन नंबर एकटी मैदानात. तिची एकेरी साखळी बघावी. बसलेल्या दोघींच्या मधून आत, पुढच्या दोघींच्या मधून बाहेर, सुईनं टाका घालावा तशी. अंगात घाई नाही, डोळे सतत पळणारीच्या खांद्यावर, कारण खांदा वळला की दिशा कळते. दोन मिनिटं होऊन गेली. स्टॉपवॉच माझ्या हातात ओलं झालं होतं.

बसलेल्या तिसऱ्या मुलीपाशी ती वळली आणि मागून आलेल्या मुलीची बोटं तिच्या ओढलेल्या वेणीच्या टोकाला, नाहीतर पाठीवरच्या कापडाला, लागली असावीत. पंच त्या बाजूला नव्हते. दुसऱ्या पंचांच्या आड बसलेली मुलगी. शिट्टी वाजली नाही. हल्ला करणारी मुलगी पुढं गेली, तिलाही खात्री नव्हती. खेळ चालू राहिला असता.

तीन नंबर थांबली. हात वर केला आणि म्हणाली, "सर, लागला."

आणि चालत बाहेर आली.

माझ्या पोटात गोळा आला हे खरं आहे. सामना अटीतटीचा होता. ती माझ्याजवळ येऊन बसली, धापा टाकत. मी पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, "वेणीला नाही मॅडम, पाठीलाच लागला." जणू तेवढाच खुलासा बाकी होता.

हे मी तिला शिकवलेलं नाही. नियम शिकवले, पळायला शिकवलं, हे कधी बोललेच नाही. मला राहून राहून सकाळचा उंबरा आठवत होता. एक हात कमी पडला की चौघींचं अडतं, असं ज्या घरात बोललं जातं, त्या घरातली ही मुलगी. आजच्या सगळ्या दिवसात मला कशाचा अभिमान वाटला असेल तर याचा, आणि तो मी तिला तिथंच बोलून दाखवला. अशा वेळी गप्प बसणारे शिक्षक मला कळत नाहीत. मुलांना शाब्बास ऐकायचं असतं, ते मोकळेपणानं द्यावं.

सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

२.००

लिंबाच्या झाडाखाली जेवण. भाकऱ्या, चटणी, ठेचा, कुणाच्या डब्यात काल रात्रीची वांग्याची भाजी. बारा फडकी सोडली आणि मध्ये एकच ढीग केला. दहा नंबरला पाळीचा त्रास होत होता. तिला आडोशाला नेलं, पाकीट दिलं, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरायला सांगितली. "मला बसवून ठेवू नका," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तुझं तू सांग, झेपतंय का. झेपतंय म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

आठ नंबर जेवली नाही. तिला ताण आला की अन्न जात नाही. एक केळं तेवढं खाल्लं.

३.१५

अंतिम सामना. नाणेफेक समोरच्यांनी जिंकली आणि आक्रमण घेतलं. अपेक्षेप्रमाणंच. तो संघ तीन वर्षं सलग जिल्ह्यात पहिला येतोय, त्यांच्या मुली खांबावर असा सूर मारतात की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं.

नऊ मिनिटांत त्यांनी आमच्या ६ गडी टिपल्या. मग आमचं आक्रमण.

खो-खो बघायला आलेला माणूस पळणारीकडं बघतो. मी बसलेल्यांकडं बघते. मधल्या पाटीवर आठ चौकोन, आठ मुली, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. यांना उठायचं असतं, पण स्वतःहून उठता येत नाही. खो मागून येतो. पाठीवर हात आणि कानात आवाज, दोन्ही मिळून. त्याआधी चौकोनातून उठली की फाउल. नंतर उठली तर समोरची निसटून गेलेली असते. म्हणजे नजर पुढं ठेवायची, कान मागं, सगळं वजन चवड्यांवर, आणि तरीही हलायचं नाही. पळणं बऱ्याच मुलींना जन्मतः येतं. हे बसणं शिकावं लागतं.

आठ नंबर संघातली सगळ्यात वेगवान मुलगी. आणि बसण्यात सगळ्यात कच्ची. तिला समोरून गडी जाताना दिसली की अंगच थांबत नाही. जुलैत मी तिला पंधरा पंधरा मिनिटं डोळे मिटून चौकोनात बसवायची. बाकीच्या मागून धावत यायच्या, कुणी खो द्यायच्या, कुणी नुसत्या पुढं निघून जायच्या. ओल्या मातीतल्या मुंग्या पायावर चढायच्या. एकदा रडून म्हणाली, "मला पळायला ठेवा, बसायला नको." मी म्हटलं, बसायला आलं तरच पळायला मिळतं. कडक बोलले, पण दुसरा मार्ग मला माहीत नव्हता.

आता पहिल्या डावात नेमकं तेच झालं. समोरची मुलगी तिच्या पुढ्यातून गेली, आठ नंबर उठली, हात लावला. मुलींनी आरडाओरडा केला. पण पंचांची शिट्टी आधीच वाजली होती. खो यायच्या आत उठली. फाउल. गडी नाबाद.

त्या डावात आमचे ७ गुण. आठ व्हायला हवे होते.

मध्यांतरात ती माझ्याकडं बघेना. मी तिच्या घोट्याचं बँडेज सोडून परत बांधलं, जरा जास्त वेळ लावून. बोलले एवढंच, "जुलैत मिटायचीस तसे डोळे मिटू नकोस, पण कान तेच ठेव."

दुसऱ्या डावात त्यांनी परत ६ टिपल्या. त्यांचे १२ झाले, आमचे ७. बरोबरीला पाच, जिंकायला सहा. नऊ मिनिटं.

पहिली तुकडी तीन मिनिटांत काढली. कर्णधारानं दोघी, पाच नंबरनं खांबावर एक. खांबावरचा तो सूर सकाळी सगळ्यांनी मिळून भरलेल्या मातीवरच मारला होता, आणि ती माती धरून राहिली. दुसऱ्या तुकडीनं मात्र रडवलं. त्यांची एक उंच मुलगी गोलात खेळायला लागली, बसलेल्या तिघी-चौघींना वळसे घालत, आमच्या मुलींना एका जागी फिरवत. दोघी मिळाल्या, बरोबरी झाली, आणि ही तिसरी काही सापडेना. सात मिनिटं झाली. साडेसात. मुलींचे खो बारीक व्हायला लागले, दमल्या की आवाज आधी जातो. मी बाहेरून ओरडले, "आवाज!"

आठ मिनिटांच्या जवळ ती उंच मुलगी गोल सोडून साखळीत आली. सात नंबर तिच्या मागं. आठ नंबर बसलेली, तोंड पश्चिमेला. सात नंबर तिच्या पाठीमागून धावत आली, पावलांचा आवाज अगदी जवळ, आणि त्याच क्षणी ती उंच मुलगी आठ नंबरच्या समोर आली. हाताच्या अंतरावर. हात लांब केला असता तर लागली असती.

आठ नंबर हलली नाही.

मी तिच्या पायाच्या बोटांकडं बघत होते. ती मातीत रुतलेली, पांढरी पडलेली. पाठ ताठ. मान सुद्धा वळली नाही. सात नंबर खो न देता पुढं निघून गेली, कारण तिला गडी आत वळेल असं वाटलं होतं. गडी वळली नाही, घुटमळली. सात नंबरनं पुढं खो दिला, तो पलीकडून फिरून पूर्वेला तोंड करून बसलेल्या कर्णधाराकडं आला, ती उठली, दोन पावलं टाकून आठ नंबरच्या पाठीशी आली आणि तिनं खणखणीत आवाज दिला.

"खो!"

मग ती उठली. तीन ढांगा. पाठीवर थाप.

शिट्टी.

एक गुण आणि पन्नास सेकंद राखून. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. आठ नंबर मात्र आपल्या चौकोनाकडं परत चालत निघाली होती, तिला सामना संपलाय हे कळलंच नव्हतं. कर्णधारानं तिला ओढून आणलं.

समोरच्या संघाच्या मुली रडत होत्या. ती उंच मुलगी डोळे पुसत आली आणि आठ नंबरला म्हणाली, "मला वाटलं तू उठशील." आठ नंबरला काय बोलावं सुचेना. तिनं तिला मिठी मारली.

५.००

बक्षीस समारंभ, ढाल, फोटो, चहा आणि प्रत्येकीला एक केळं. ढाल कुणी धरायची यावर वाद झाला आणि ती शेवटी बारा नंबरच्या हातात गेली. बारा नंबर आज तिन्ही सामन्यांत एक मिनिटही मैदानात नव्हती. पण प्रत्येक डावात वेळ ओरडून सांगणं, पाणी नेणं, बाद होऊन आलेलीचे पाय दाबणं हे तिनंच केलं होतं. निर्णय मुलींचा.

मी बारावीपर्यंत खेळले. त्या वर्षी लग्न ठरलं आणि विभागाच्या स्पर्धेला मला जाता आलं नाही. शिक्षण पुढं सासरी पूर्ण केलं, मैदान या नोकरीनं परत दिलं. पण ती एक स्पर्धा राहिली ती राहिलीच. त्यामुळे 'विभाग' हा शब्द पंचांनी माईकवरून उच्चारला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

६.१५

परतीच्या गाडीत येडशीपर्यंत गाणी, मग सगळ्या झोपल्या. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. आठ नंबर माझ्या शेजारी, जागी.

"मॅडम, विभाग कधी असतो?"

"बहुतेक दिवाळी झाल्यावर."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला उत्तर द्यायच्या आधीच कळायला हवं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली आहे. दिवाळी झाली की ट्रक येतो. गेल्या वर्षीपर्यंत ती मावशीकडं राहायची, मावशीचं आता बाळंतपण आहे. यंदा तिला सोबत नेणार, कोपीवर स्वयंपाक आणि धाकट्या भावाला सांभाळायला. ती नववीत आहे.

"आधी का नाही बोललीस?"

"जिंकू असं कुठं माहीत होतं?"

७.४५

मुलींना एकेक करून सोडलं. तीन नंबरच्या दारात आज्जी बसली होती. हाताचं फडकं सोडलेलं, तळव्यांवर सोयाबीनच्या शेंगांनी ओरखडे काढलेले. नातीच्या गुडघ्याचं साल गेलेलं. दोघींनी एकमेकींची जखम बघितली. आज्जी म्हणाली, "ढाल कुठंय?" ढाल शाळेत ठेवली होती. तिला ते पटलं नाही.

शेवटी आठ नंबरचं घर. वडील बाहेर बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. शेवटचा गुण तिचा, तोही सांगितला. त्यांनी लेकीकडं बघितलं, बराच वेळ, मग माझ्याकडं.

"मॅडम, आम्हाला काय वाटत न्हाई का? पण टोळी एकदम हलती. एका कोयत्यासाठी ट्रक थांबत न्हाई."

"तुम्ही जा. तिला माझ्या घरी ठेवा. स्पर्धा झाली की मी स्वतः फडावर आणून सोडते. किंवा शाळेतल्या हंगामी वसतिगृहाचं बघते."

"धाकट्याचं काय?"

"तो पण राहील."

आई आतून बाहेर आली. नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं. तो म्हणाला, "आमचं काय न्हाई. मुकादमाला इचारावं लागंल. पोरगी सैपाकाला येणार म्हणून त्यानं टोळीत एक बाई कमी घेतलीय."

"मग मी विचारते. त्यांचा नंबर द्या."

त्यांनी मोबाईल चार वेळा पुसला, नाव शोधलं, आणि एकेक आकडा वाचून दाखवला. माझ्याजवळ दुसरा कागद नव्हता. अंतिम सामन्याच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स फाईलमध्ये होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी नंबर लिहून घेतला. आठ नंबर दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एकेक आकडा तीही पुटपुटत होती.